मावशीचा होऊ घातलेला गुन्हा

माझी मावशी गेली एकतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करते. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एका बाजूला तिचं लांब टेबल आणि त्यावर पोट उघडं टाकून पडलेली मशीनं. दुसऱ्या बाजूला माझं आल्टरचं काम, म्हणजे पँटची उंची कमी करा, चेन बदला, कंबर सैल करा. मशीन खोलायच्या आधी मावशी डोळे मिटून चाक हाताने एकदा फिरवते आणि आवाज ऐकते. मग "हिला कुणीतरी रागारागाने चालवलंय" असं काहीतरी म्हणते आणि मालकीण मान खाली घालते. मावशी तापट आहे. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आवरत नाही. पण तिने कुणाची सुईसुद्धा कधी ठेवून घेतली नाही. म्हणून पोलीस आले तेव्हा आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांचा पत्ता चुकला.

तो बुधवार होता. एक सडपातळ, तरुण हवालदार दारात उभा राहिला.

"सहज आलो होतो," तो म्हणाला.

"मशीन आणलंय?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग सहज कसे आलात?"

त्याने खोलीभर नजर फिरवली, मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा हजर. तिसऱ्या बुधवारी त्याने चाचरत विचारलं, "या आठवड्यात कुणाशी भांडण वगैरे झालं का?"

मावशी कुठल्याही प्रश्नाला मनापासून उत्तर देते. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला लागली. "रविवारी दूधवाल्याशी, उशीर केला म्हणून. सोमवारी नवऱ्याशी, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून. काल समोरच्या सायकलवाल्याशी, पण त्यात चूक माझी होती. आज अजून कुणी भेटलं नाही. थोडा वेळ थांबलात तर तुमच्याशी होईल."

हवालदाराने सगळं इमानेइतबारे टाइप केलं. ते पाहून मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. मावशीनेही चष्मा कपाळावर चढवला.

"खरं काय ते सांगा. मी तुमच्या आईच्या वयाची आहे."

त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग स्टुलावर बसला. पोलिसांनी म्हणे एक नवी यादी काढली होती. कॉम्प्युटर सगळ्यांच्या नोंदी चाळतो आणि पुढे गुन्हा कोण करू शकेल ते सांगतो. त्या लोकांकडे दर आठवड्याला फेरी मारायची. मावशीचं नाव त्या यादीत होतं, आणि बरंच वर होतं.

"कोणता गुन्हा करणार आहे मी?"

"ते यादीत येत नाही."

"कधी करणार आहे?"

"येत्या वर्षभरात."

"मग मला आधी कळवायला नको का? मी अजून काहीच तयारी केलेली नाही."

माझे काका, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त बसचालक. ते कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसले होते. वर न बघता म्हणाले, "अडतीस वर्षं हिच्याबरोबर काढली. मला कुठल्या कॉम्प्युटरने सावध केलं नाही." हवालदाराला हसू आवरेना. मावशीने त्याला सांगून टाकलं, की डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायची असेल तर तेल आमच्याकडे भरपूर आहे, मशीनचं चालणार असेल तर.

पुढचे काही आठवडे आम्हाला याची गंमतच वाटत होती. गंमत संपली ती हसरीमुळे.

मावशी आठ वर्षांपासून दर गुरुवारी दुपारी बायकांच्या तुरुंगात मशीन दुरुस्ती शिकवायला जाते. हसरी तिथलीच विद्यार्थिनी. दोन वर्षांची शिक्षा भोगून बाहेर आली आणि मावशीने तिला दुकानात घेतलं. सुई मोडली तरी हसायची, म्हणून ते नाव पडलं. पण बुधवारी खाकी कपडे दिसले की तिचं हसू जायचं आणि ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराने निघून जायची. एका बुधवारी गेली ती गुरुवारी आली नाही, शुक्रवारीही नाही.

शनिवारी सकाळी मावशी आणि मी तिच्या खोलीवर गेलो. बेकरीच्या वर, तिसरा मजला. हसरी पलंगावर बसून बॅग भरत होती.

"माझ्यामुळे तुमच्या दारात पोलीस येतात," ती म्हणाली. "मी दुसऱ्या गावी जाते."

"ते माझ्यासाठी येतात," मावशी म्हणाली. "तू उगीच माझा मान घेऊ नकोस."

हसरी हसली नाही. तिचंही नाव यादीत होतं. घरमालकाने दोनदा विचारलं होतं, हवालदार का येतो म्हणून. मावशी तिच्या शेजारी बसली. खालून पावाचा वास येत राहिला. शेवटी मावशीने बॅगेतला टॉवेल काढून पुन्हा दोरीवर टाकला. "सोमवारी कामावर ये. पुढचं मी बघते." त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा खरी चिडलेली पाहिली. अशी चिडली की ती हळू आवाजात बोलते.

यादीतून नाव काढायला अर्ज करता येतो, हे आम्हाला हवालदारानेच सांगितलं. "फक्त मी सांगितलं म्हणू नका." दोघींच्या नावांचा पहिला अर्ज परत आला, सही चुकीच्या रकान्यात होती. दुसरा परत आला, कारण लिहिलं नव्हतं. तिसऱ्यात मावशीने कारण लिहिलं, "मी काहीही केलेलं नाही आणि करायला वेळही नाही." त्यावर सुनावणीची तारीख मिळाली.

सुनावणीला टेबलामागे एक चष्मेवाल्या अधिकारी बाई होत्या. बाजूला हवालदार, इस्त्रीच्या गणवेशात, घामेजलेला. बाईंनी फाइल उघडली. "तुमचं नाव तुरुंगाच्या भेटीच्या वहीत तीनशेहून जास्त वेळा आहे. सुटलेल्या चार बायकांनी स्वतःचा पत्ता म्हणून तुमचा पत्ता दिलाय. कॉम्प्युटरला वाटलं, तुमची टोळी आहे."

"मी तिथे शिकवायला जाते, आणि सुटलेल्या बायका घर मिळेपर्यंत माझाच पत्ता देतात," मावशीने तुरुंगाचंच पत्र पुढे सरकवलं. "फाटकावर एकच वही आहे. भेटायला येणारे, शिकवायला येणारे, नळ दुरुस्त करायला येणारे, सगळे तिच्यातच सही करतात. तुमचा कॉम्प्युटर सुतावरून स्वर्ग गाठतो, आणि सूत कुठलं ते विचारत नाही."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग हवालदाराला त्याच्या चौदा फेऱ्यांच्या नोंदी वाचायला सांगितल्या. त्याने घसा साफ केला. "फेरी पाचवी. भांडण, नवऱ्याशी, खिडकीवरून. फेरी सहावी. भांडण, नवऱ्याशी, त्याच खिडकीवरून. फेरी नववी. खिडकी बंद आढळली. चौकशी केली असता, यजमान जिंकल्याचं समजलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पण खांदे हलत होते ते आम्हाला दिसलंच. मावशीचं नाव काढायचा आदेश त्यांनी तिथेच लिहिला.

मावशी उठली नाही. "आणि हसरी?"

"तिच्यावर आधीचा गुन्हा आहे. सहा महिन्यांनी फेरतपासणी होईल."

"तपासणीत काय बघणार?"

"या नोंदी."

"मग हिशेब साधा आहे, बाई. गणवेशातला माणूस दारात आला की ती मागून पळते. हे प्रामाणिक आहेत, 'पळाली' असंच लिहिणार. त्यांना साध्या कपड्यांत पाठवा, आधी फोन करू दे, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा येऊ दे. म्हणजे ती कशी आहे ते तरी दिसेल."

बाईंनी थोडा विचार केला आणि हवालदाराला म्हणाल्या, "तसं करा."

पुढच्या आठवड्यात तो आला तो चौकड्यांचा शर्ट घालून, कडेवर मूल धरावं तसं एक जुनं मशीन धरून. आईचं होतं, टाके सोडत होतं. हसरी उभी राहिली. हात फडक्याला पुन्हा पुन्हा पुसत होती. मावशी स्वतःच्या कामातून मान वर करेना, तेव्हा हसरीनेच पुढे होऊन मशीन घेतलं, चाक फिरवलं, खालची पट्टी सरकवून आतलं दोऱ्याचं छोटं रीळ पाहिलं.

"बॉबिन उलटी बसवली आहे," ती म्हणाली. "कुणी बसवली?"

"मी," हवालदार म्हणाला.

हसरीला इतकं हसू आलं की तिला स्टुलावर बसावं लागलं. तोही ओशाळून हसला. मग त्याने विचारलं, आईचं मशीन इथे दुरुस्त झालं हे नोंदीत लिहावं की नाही. काका म्हणाले, "लिहा. दुरुस्तीत कसूर आढळली नाही, असंही लिहा." त्याने खरंच लिहिलं.

सहा महिन्यांनी हसरीचं नाव निघालं. यादी मात्र अजून आहे, आणि तिच्यात आमच्या रस्त्यावरचे आणखी तिघे आहेत. मावशीने त्यातल्या सायकलवाल्याचा अर्ज भरायला घेतलाय. कारणाच्या रकान्यावरून दोघांची रोज वादावादी चालते. तुरुंगाच्या फाटकावर आता शिकवणाऱ्यांसाठी वेगळी वही ठेवली आहे. त्या वहीजवळ पेन कधीच नसतं, म्हणून दर गुरुवारी मावशी घरातलं नेते, आणि परत आणायला विसरते.