बारावी खुर्ची

अकरा माणसांनी मिळून माझ्या बायकोला फसवलं, आणि कायद्याने त्यांना तशी मुभा दिली. हे मला सिद्ध करता येणार नाही. तिने मला एक अक्षर सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती नाही. तरी लिहितो आहे, कारण गप्प राहणं हा तिचा स्वभाव होता, माझा नाही.

आज वैशाखी पौर्णिमा. वंदनेसाठी आम्ही इथे परदेशात, एजवेअरमधल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. दारातून आत शिरलं की आधी लाकडी जमिनीच्या पॉलिशचा वास येतो, आणि मग त्यावर हळूहळू मोगऱ्याची उदबत्ती चढत जाते. हे दोन वास जगात दुसरीकडे कुठे एकत्र येत असतील असं मला वाटत नाही. भिंतीला पोरांच्या कसरतीच्या शिड्या, त्यांच्यासमोर टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बुद्धमूर्ती. पांढऱ्या कपड्यांतली आम्ही सगळी हात जोडून पंचशील म्हणायला लागलो, आणि चौथं शील जवळ येताच माझा डावा कान आपोआप टवकारला. डाव्या बाजूला ती उभी राहायची.

आमचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. मी या देशात आलो तेव्हा बाजारात उघड्यावर टेबल लावून तुकडे विकत होतो. दुकान झालं ते माझ्या जिभेवर. 'खरेदीच एवढ्याची आहे हो,' हे वाक्य मी चार भाषांत म्हणू शकतो. तिला ते एकाही भाषेत जमलं नाही. ती एकच किंमत सांगायची आणि कात्री हातात घेऊन शांत उभी राहायची. गिऱ्हाईक माझ्याशी तासभर भांडून शेवटी तिच्याकडून कापड घेऊन जायचं. मला याचा संताप यायचा, आणि अभिमानही वाटायचा. पण अभिमानाचं मी तिला कधी कळू दिलं नाही.

तिला ज्युरीवर, म्हणजे कोर्टात दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा सामान्य माणसांत, बोलावणं आलं तेव्हा दुकानात सणाची गर्दी होती. मी म्हटलं, "पाठदुखी आहे म्हणून कळव. डॉक्टर ओळखीचा आहे."

"आपली माणसं पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या दारात न्याय मागायला उभी राहिली," ती म्हणाली. "मला द्यायला बोलावलंय. आणि तुम्ही सबब शोधताय?"

तिने कोट इस्त्री केला. कोर्टात पहिल्या दिवशी कुठल्या धर्मग्रंथावर हात ठेवणार असं विचारतात. तिला कुठलाच नको होता. नुसता शब्द देऊनही चालतं म्हणे. ते इंग्रजी वाक्य ती आरशासमोर उभी राहून पाठ करत होती, शाळेच्या गॅदरिंगमधल्या मुलीसारखी.

खटला कुठला ते मला पेपरांवरूनच कळलं, कारण तेव्हा दुसरी बातमीच नव्हती. एका कुटुंबाला देशाबाहेर पाठवू नये म्हणून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दारात जमाव जमला होता. बाटली भिरकावली गेली आणि एका पोलिसाचा डोळा गेला. बाटली फेकल्याचा आरोप एका विद्यार्थिनीवर. तिचा फोटो रोज पहिल्या पानावर. टीव्हीवर पुढारी तावातावाने बोलत. निम्म्या देशाला ती तुरुंगात हवी होती आणि निम्म्याला खांद्यावर. पोरीने ती बाटली फेकली की नाही, याच्याशी दोघांनाही फारसं देणंघेणं दिसत नव्हतं. तेवढंच एक ठरवायला बारा माणसं बसवली होती, आणि त्यांतली एक माझ्या घरात भाजी निवडताना देठ टोपलीत आणि पानं केरात टाकत होती.

शेवटच्या दिवशी मी गाडी घेऊन कोर्टाबाहेर थांबलो होतो. कॅमेरेवाले पायऱ्यांवरून धावत आले, आणि ओरडाओरडीतून मला एक शब्द आणि दोन आकडे ऐकू आले. दोषी. अकरा विरुद्ध एक. नंतर बातम्यांत सांगितलं, ज्युरीचं एकमत होईना तेव्हा न्यायाधीशांनी आत निरोप दिला होता, की बारा जमत नसतील तर आता अकराही चालतील.

ती बाहेर आली, गाडीत बसली, पट्टा लावला.

"कोण होतं गं ते एक?"

"अहो, समोर बघा. सिग्नल हिरवा झालाय."

मग मी माझी सगळी हत्यारं काढली. गोड बोललो, चिडलो, जेवायला उठलो नाही. शेवटी म्हटलं, "सांग, दुकान महिनाभर बंद ठेवतो, तुझ्या बहिणीकडे पुण्याला जाऊ." ती म्हणाली, "माझ्याशी भाव करू नका." इथेच जन्मलेली लेक मध्ये पडली, "बाबा, तू सोड ना! ज्युरीच्या रूममधला गोष्ट कधीच सांगायचा नसतो. लॉ आहे." आयुष्यभर ज्याने समोरच्याच्या भुवईवरून त्याचा शेवटचा भाव ओळखला, तो मी स्वतःच्या स्वयंपाकघरात रिकाम्या हाताने उभा राहिलो.

मग आली पौर्णिमा. याच हॉलमध्ये आम्ही शेजारी उभे होतो. पहिलं शील, दुसरं, तिसरं, तिचा बारीक सुरेल आवाज माझ्या डाव्या कानात. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं वचन देण्याचं, आणि तो आवाज थांबला. पाचव्याला पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, ठसका लागला असेल. पण पुढच्या पौर्णिमेला तेच, तिच्या पुढच्यालाही तेच. दुकानात दिवसभर थापा मारणारा मी ते शील खणखणीत म्हणायचो, आणि आयुष्यात कापडाचा पोतसुद्धा खोटा न सांगितलेली ती ओठ मिटून उभी राहायची. तिथे मला सगळं कळलं: अकरांविरुद्धची ती एक हीच. निकाल वाचला गेला तेव्हा ती त्या रांगेत गप्प बसून होती. बोलायची परवानगीच नव्हती. पण तिच्या हिशेबी ते बसणंच खोटं होतं.

सौद्याचं एक मला पक्कं कळतं. समोरच्याला तुमची गरज आहे तोवरच तुमच्या शब्दाला किंमत असते. अकरा चालतील असं ऐकल्यावर त्या खोलीत तिच्याकडे कोणी मान वळवून तरी पाहिलं असेल का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. ती पोरगी तुरुंगात गेली. आमची ही गेल्या हिवाळ्यात गेली, ते शील पुन्हा एकदाही न म्हणता. हॉस्पिटलमध्ये मी तिच्या कानाशी पाचही शीलं म्हटली. तिचे ओठ हलत होते. चौथ्याला हलले नाहीत.

आज तीच ओळ आली, आणि नव्याने येऊ लागलेल्या कुणा बाईचा आवाज माझ्या डावीकडून सरळ ती ओळ म्हणत पुढे गेला. कुठेही खंड पडला नाही. माणूस जातं तेव्हा त्याचा आवाज जातो हे ठाऊक होतं. त्याचं मौनसुद्धा भरून टाकलं जातं, हे आज कळलं. पॉलिशचा वास तसाच, मोगऱ्याचा तसाच. त्या पोलिसाचा डोळा आला नाही, पोरीची वर्षं येणार नाहीत, आणि पुढारी नव्या बातमीवर तितक्याच तावातावाने बोलताहेत.

नावं मागत नाही मी. आत काय झालं तेही विचारत नाही. कायदा आहे, पाळतो. पण ज्यांनी तो केला त्यांनी मला एवढं सांगावं: अकरांवर भागणार होतं, तर बारावी खुर्ची मांडलीत कशाला? तिच्यावर माझी बायको बसली होती. उत्तर द्या.