सारायेवोच्या फरशीवरचा लाल डाग

मी थुंकले आणि अमीरा खाली बसली. भर रस्त्यात, गुडघे टेकून. गळ्यातला रुमाल काढून ती फरशीवरची माझी लाल पिंक पुसायला लागली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नात वैशालीने माझा दंड धरला. "आजी, तिथं तोफगोळा पडला होता. माणसं मेली तिथं."

मला वाटलं, ही थुंकायची जागा आहे. फरशीला खळगे पडलेले, खळग्यांत लाल रंग. आपल्याकडे असं लाल दिसलं की लोक तिथेच थुंकतात. तोंडात कात-सुपारी धरून मी सकाळपासून जागा शोधत होते. शहर इतकं स्वच्छ की कुठे सापडेना.

मी मेडशी गावची, चौथी शिकलेली. वैशाली बोस्निया देशातल्या सारायेवो शहरात नोकरी करते आणि अमीराच्या घरी खोली घेऊन राहते. अमीरा चाळिशीची, एकटी. मी नातीकडे गेले त्या पहिल्याच दिवशी ती मला नाना (आजी) म्हणाली. आमच्याकडे नाना म्हणजे मिशीवाला माणूस, हे वैशालीने तिला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मी मांस खात नाही म्हणून तिने सिर्नित्सा (पनीर भरलेली भाजलेली गुंडाळी) केली. संध्याकाळी आम्ही तिघी तांब्याच्या तबकाभोवती बसून कॉफी प्यायचो.

पहिले दोन दिवस शहर पाहण्यात गेले. चहूकडे डोंगर, मधून मिल्याट्स्का नदी, आपल्या नाल्याएवढी. तिच्यावरच्या जुन्या दगडी पुलाजवळ एका राजपुत्राला गोळी घातली आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, असं वैशाली म्हणाली. मी कठड्याला टेकून पाय चोळले. बाशचार्शिया या जुन्या बाजारात तांबट ठोकाठोकी करत होते. तिथून जरा चाललं की मशीद, चर्च आणि यहुद्यांचं प्रार्थनाघर, सगळं जवळजवळ. डोंगराच्या उतारावर पांढरे दगड उभे होते, गर्दीने. त्या कबरी कोणाच्या, असं मी विचारलं. वेढ्यात मेलेल्यांच्या, वैशाली म्हणाली. तीसेक वर्षांपूर्वी शत्रू जवळजवळ चार वर्षं या डोंगरांवर बसून खाली गोळे टाकत होता. मी बरं म्हणाले आणि पुढे चालले. तिथेच थांबून नीट ऐकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी अमीरा आम्हाला तिची लहानपणची गल्ली दाखवायला घेऊन निघाली, आणि मी थुंकले.

त्या संध्याकाळी अमीराने कॉफीचं तबक आमच्या दाराशी ठेवलं आणि ती निघून गेली. कप दोनच होते.

"घरी थुकतेस तं थुक," वैशाली चिडली की आमच्या बोलीवर येते, "इथं काहून?"

मी सुपारीची डबी खिडकीतून फेकणार होते. मग कळलं, तीही घाण खालीच पडेल.

सकाळी बादली आणि फडकं घेऊन मी त्याच जागी गेले. वैशाली मागून आली. येणारेजाणारे बघत होते, बघोत. पिंक निघाली, पण लाल रंग निघेना. मी घासतच राहिले. "आजी, तो नाही निघायचा. मुद्दाम भरलाय," वैशाली म्हणाली. जिथे माणसं मेली, तिथले खळगे इथे लाल राळेने भरून ठेवतात. आकार फुलासारखा, म्हणून त्याला गुलाब म्हणतात.

अमीरा कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. मी हात जोडले. "माहं चुकलं, बाई."

 ती डागाकडे बघत बोलली, एकेक वाक्य, आणि वैशाली मला मराठीत सांगत गेली.

मी गावी परत निघाले तेव्हा अमीरा दारापर्यंत आली, हात हलवला. नाना म्हणाली नाही.

मेडशीला एसटीतून उतरले तर शेजारची विमल वाट बघत होती. "काय पाह्यलं वं माय तिकडं?" मी पूल सांगितला, बाजार सांगितला, थुंकल्याचंही सांगितलं. ती हसली.

"हासू नको," मी म्हणाले, आणि अमीराने सांगितलं ते सांगितलं. त्या जागी पाण्याची रांग होती. रांगेत तिची आई होती, धाकटा भाऊ होता, आणि आठ वर्षांची अमीरा होती. आई आणि भाऊ तिथेच गेले. अमीरा वाचली.