तुमची कोणती?

शाळकरी पोरींच्या कबड्डीला जो कोणी बाकावर येऊन बसतो, त्याला पाच मिनिटांच्या आत एकच प्रश्न विचारतात: "तुमची कोणती?" नुसता खेळ बघायला कोणी येतं यावर पालक मंडळींचा विश्वास नाही, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. भर दुपारी, काळाचौकीच्या मैदानात, चौदा वर्षांखालच्या पोरींचा सामना. स्वतःचं पोर खेळत नसताना कोण मरायला येईल तिथे?

शेवंतीबाई परब आल्या होत्या. तशा त्या निघाल्या होत्या दळण आणायला. पण कोपऱ्यावर शिट्टी ऐकू आली, मागोमाग "कबड्डी, कबड्डी" असा एका दमातला आवाज आला, आणि पाय आपोआप तिकडे वळले. तरुणपणी शेवंतीबाई 'जागृती महिला संघा'कडून खेळायच्या. उजव्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या की समोरची चढाई करणारी आधी देव आठवायची. मग लग्न झालं, हितेंद्र झाला, नवऱ्याची, म्हणजे धोंडू परबांची, गिरणी बंद पडली, आणि शेवंतीबाईंनी पुढची सगळी वर्षं पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटण्यात काढली. ज्या हातांनी पोरींना घोटे धरून आपटलं, त्या हातांनी पोळ्यांच्या घड्या घातल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेगळीच, आणि ती करायला समोर कोणी नव्हतं.

धोंडू गेले. चाळ पाडून टॉवर झाला आणि शेवंतीबाईंना चौदाव्या मजल्यावर हक्काची खोली मिळाली. स्वतंत्र संडास, भरपूर वारा, कॉटन ग्रीनपर्यंतचा देखावा. सगळं मिळालं, फक्त उघडं दार मिळालं नाही. तिथे सगळ्यांची दारं लावलेली. लिफ्टमध्ये माणसं भेटतात तीही वरच्या लाल आकड्यांकडे बघत उभी असतात, जणू तिथे लग्नाची पत्रिका लावली आहे. हितेंद्र बदलापूरला. पोरगा वाईट नाही. रोज संध्याकाळी फोन करतो, "जेवलीस ना? बरी आहेस ना?" विचारतो, त्या "हो रे" म्हणतात आणि तो फोन ठेवतो. दिवसभरात शेवंतीबाईंच्या तोंडून निघालेले तेवढेच दोन शब्द, असे कितीतरी दिवस जात.

तर त्या दुपारी त्या दळणाचा डबा मांडीवर घेऊन बाकावर टेकल्या, आणि शेजारच्या बाईने विचारलं, "तुमची कोणती?"

आता इथे गोची झाली. गिरणगावात शेवंतीबाईंच्या काळी हा प्रश्न विचारला, की माणूस आपल्या पसंतीचा खेळाडू सांगायचा. 'तुमची कोणती' म्हणजे तुमची नजर कोणावर आहे. शेवंतीबाईंनी मैदानावरची नजर न काढता सांगून टाकलं, "ती. सात नंबर. उजवा कोपरा."

"अय्या, आकांक्षा!" बाई हरखली. "तिच्या घरचं कोणी कधी आलंच नाही हो. बाबा टेम्पो चालवतात म्हणे, आई कामाला. तुम्ही आजी का? मी प्रिती, मेघनाची आई. ती तीन नंबर."

शेवंतीबाई 'नाही' म्हणणार होत्या. अगदी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात प्रितीने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्यांच्या पुढे धरला. आलं घातलेला, गरम, दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा. तो हातात आल्यावर शेवंतीबाईंना 'नाही' म्हणवेना. त्या चहा प्यायल्या, आणि एका घोटात आजी झाल्या.

पुढे सगळं आपसूक झालं. त्यांना 'कबड्डी पालक' नावाच्या ग्रुपवर घेतलं. सकाळी फोन किणकिणायचा आणि गुलाबाच्या फुलाखाली सुप्रभात यायचं. असल्या फुलांना तुम्ही-आम्ही वैतागतो, पण शेवंतीबाई प्रत्येकाला उलट जोडलेले हात पाठवायच्या. सामन्याच्या दिवशी त्या खोबऱ्याच्या वड्या करून न्यायच्या. बाकावर त्यांची जागा ठरली: प्रिती आणि अमित यांच्या मधली. अमित म्हणजे कप्तान मानसीचे बाबा. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत मोठ्या पगारावर, पण मैदानात आला की पंचाची आई-बहीण काढायचीच काय ती बाकी ठेवायचा. "ओ पंच, चष्मा घरी राहिला काय?" हे त्याचं सौम्यातलं सौम्य वाक्य. शेवंतीबाईंना ते खपत नसे. पण त्या काही बोलत नसत. नव्याने मिळालेली जागा, उगाच वाकडं कशाला घ्या.

एकच काळजी घ्यावी लागायची. सामना संपत आला की गुडघ्याचं निमित्त करून उठायचं. पोरगी पाण्याची बाटली घ्यायला बाकाकडे यायच्या आत रस्ता गाठायचा. आकांक्षा शाळेच्या बसने जायची, त्यामुळे निभावत होतं. पण धास्ती दर सामन्याला असायचीच. सापडले तर ही जागा गेली, आणि ही गेली की मागे उरतो तो चौदावा मजला.

साखळीतल्या एका सामन्यात मजा झाली. समोरच्या पोरीच्या चढाईत आकांक्षाच्या खांद्याला ओझरता हात लागला. पंचाला दिसलं नाही. आकांक्षा जागेवरच थांबली, सांगू की नको अशी. आणि शेवंतीबाईंचा हात बाकावरून आपोआप वर गेला. 'जागृती'ची रीतच होती ती. लागला, तर पंच बघो न बघो, आपला हात आपण वर करायचा आणि बाहेर चालू पडायचं. पकडीत सापडलीस तर लाज नाही, पण हात लपवलास तर संघात जागा नाही, असं त्यांना खेळ शिकवणाऱ्या ताई सांगायच्या. आकांक्षाने बाकाकडे बघितलं. एक अनोळखी म्हातारी हात वर करून बसलेली तिला दिसली. मग तिनेही हात वर केला आणि बाहेर गेली. सामना खिशातच होता, त्यामुळे एक गुण गेल्याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमितसुद्धा म्हणाला, "वा! याला म्हणतात खिलाडू वृत्ती." प्रिती शेवंतीबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आजीचे संस्कार हो."

शेवंतीबाई त्या दिवशी घरी येऊन रडल्या. आनंदाने की कशाने, ते त्यांनाही कळलं नाही.

अंतिम सामना डिलाईल रोडच्या एका शाळेशी होता. गर्दी एवढी की दोऱ्या बांधाव्या लागल्या. दोन्हीकडचे पालक असे काही भांडत होते, जणू मैदानात पोरी नव्हे, सातबारा ठेवलाय. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते. समोरच्यांची शेवटची चढाई होती आणि ती रिकामी गेली असती तर जादा वेळ मिळणार होता. अमित उभा राहून बोंबलत होता, "सोडू नका रे! हात लावू देऊ नका!"

चढाई करणारी उजव्या कोपऱ्यावर आली. आकांक्षा मागे सरकली, वाकली. ती पोर वळता वळता हात फिरवून गेली आणि मध्यरेषा ओलांडून परत पोचली. तिला स्वतःलाही काही मिळाल्यासारखं वाटलं नाही. पंचाने रिकामी चढाई दाखवली. आपल्या बाकावर जल्लोष झाला.

पण लागला होता. वेणीच्या टोकाला. वेणी एवढीशी हलली, आणि ती हललेली शेवंतीबाईंनी पाहिली. ज्या बाईने उभी जवानी उजव्या कोपऱ्यावर काढली, तिला ते दिसणारच.

आकांक्षाने बाकाकडे बघितलं. या वेळी शोधत बघितलं. बरोबर त्या म्हातारीकडे.

शेवंतीबाईंच्या हातात चहाचं झाकण होतं. डावीकडे प्रिती त्यांना मिठी मारत होती, उजवीकडे अमित ओरडत होता, "जमलं, काकी, जमलं!" हात वर करायला एक क्षण पुरला असता. शेवंतीबाईंनी ते झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खाली चहात बघत राहिल्या.

आकांक्षाने हात वर केला.

एकटीने. पंच गोंधळला, तिच्याजवळ गेला, तिने वेणी पुढे घेऊन दाखवली. त्याने मान डोलावली आणि समोरच्यांना एक गुण दिला. शिट्टी झाली. सामना गेला.

पुढचा गोंधळ काय सांगावा. मागच्या वेळी 'संस्कार' म्हणणारी तीच तोंडं. "मूर्ख आहे का ही?" "पंचाने दिलं नव्हतं ना, मग हिला काय गरज होती?" मानसी मैदानातच रडत बसली आणि ते बघून अमितचं डोकं फिरलं. शेवंतीबाईंना उठायचं होतं, पण गुडघ्याने त्या दिवशी खरंच दगा दिला. आकांक्षा बाटली घ्यायला दोरीपाशी आली तेव्हा त्या तिथेच होत्या.

"हीरोइन झालीस?" अमित तिच्यावर तडकला. "सगळ्या टीमची मेहनत पाण्यात! बघ, तुझी आजी बघ कशी मान खाली घालून बसलीय!"

"माझी आजी?" पोरगी गोंधळली. "माझी आजी गावाला असते, काका."

"मग ह्या कोण?" प्रितीने विचारलं.

आकांक्षा शेवंतीबाईंकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "मला ह्यांचं नाव नाही माहीत. मागे एका मॅचला ह्यांनी हात वर केला होता, म्हणून मी केला." मग ती सरळ त्यांनाच म्हणाली, "आजी, आज मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली का बघत होतात?"

तिने चुकून 'आजी' म्हटलं होतं की कोणत्याही म्हाताऱ्या बाईला म्हणतात तसं, कोण जाणे. प्रितीचा चेहरा उतरला होता. शेवंतीबाईंनी झाकणातला गार चहा खाली ओतला, झाकण पदराने पुसून प्रितीच्या शेजारी ठेवलं आणि उजवा हात वर केला.

"माझी कोणी नाही इथे," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी. आणि ह्या चेडवाचं काही चुकलं नाही. वेणीला लागला होता. मी बघितलं होतं." मग आकांक्षाकडे वळून म्हणाल्या, "मी घाबरले गे बाय. तू नाही घाबरलीस."

आणि हात तसाच ठेवून त्या दोरीच्या कडेने बाहेर पडल्या. मागून कोणी हाक मारली नाही. वड्यांचा डबा बाकावरच राहिला.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवरून नाव निघालं होतं. कोणी काढलं ते बघायला त्यांनी चष्मा लावला नाही. दिवा लावायची वेळ झाली होती, पण त्या पलंगाच्या कडेला नुसत्या बसून राहिल्या. पोरीचा प्रश्न काही कानातून जाईना.

फोन वाजला. हितेंद्र.

"आई, जेवलीस ना? बरी आहेस ना?"

'हो रे' ओठांवर आलं होतं. रोज येतं तसंच, न विचारता. शेवंतीबाईंनी ते तिथेच धरून ठेवलं. मग रिकाम्या खोलीत, जिथे पंच नव्हता आणि बाकही नव्हता, त्यांनी मोकळा हात हळूहळू वर केला.

"नाही रे बाबू," त्या म्हणाल्या. "जेवले नाही. आणि बरीही नाही. मला इथे फार एकटं वाटतं."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. या वेळी हितेंद्रने फोन ठेवला नाही. शेवंतीबाई हात वर धरून वाट बघत राहिल्या.