धागा तुटला की थांबायचं

भरधाव कविता म्हणणाऱ्यांची मला शिसारी येते. पूर्वी नुसता राग यायचा. डिंडोलीतल्या त्या कार्यक्रमापासून शिसारी येते.

माझे वडील उधन्यात लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते. साऱ्या हयातीचा खडखडाट कानांत बसला आणि त्यांना ऐकू येईनासं झालं. तशी लूमवर कानांची गरज कमीच. तिथे बोलायचं ते ओठ मोठे हलवून, एकेक शब्द सुटा करून, आणि ऐकायचं ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून. आमच्या घरात अजून तसंच बोलतात. पाहुण्यांना वाटतं, आम्ही वेडावतोय.

वडिलांवर कविता लिहिली तीही मी तशीच, सुट्या शब्दांची. जिथे धागा तुटतो आणि लूम थांबतं, तिथे कागदावर मोठी कोरी जागा सोडली होती. वाचणाऱ्याने तिथे थांबायचं. कार्यक्रमाला वडिलांना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसवलं. बाकी कुणाला कळो न कळो, त्यांना कळायला हवी होती. त्यासाठी माझे ओठ त्यांना दिसायला हवे होते.

माझी पाळी आली आणि आयोजकांनी कागद माझ्या हातातून काढूनच घेतला.

"ताई, तुम्ही एवढं धीमं वाचणार, पब्लिक ऊठी जशे! आमचा परफॉर्मर बघा, कसा फटाफट मारतो."

त्या महाशयांनी माईक कणसासारखा तोंडाला लावला. ओठ गायब. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या सगळ्या कोऱ्या जागा त्याने गिळल्या. जिथे लूम थांबायचं तिथे मागून ढोलकी वाजली. थुंकी उडत होती, शिट्ट्या पडत होत्या, एक शब्द न कळलेले लोक वाहवा करत होते. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी शेजारच्यांचे हात पाहिले आणि हसत हसत टाळ्या वाजवायला लागले.

घरी आल्यावर म्हणाले, "भारी व्हती कविता. कोनी व्हती ती?" कविता कुणाची, तेही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर उजेडात बसले आणि पहिल्यापासून म्हटली. पहिल्या कोऱ्या जागेशी थांबले, तर म्हणाले, "दम लागना का तुले?" मी नाही म्हणून मान हलवली. पुढच्या जागेशी त्यांनी विचारलं नाही. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आणि बोट जुळलं आणि गाठ मारल्यासारखं फिरलं. ते फिरून झाल्यावर मी पुढचा शब्द म्हटला.

कविता संपली तरी ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"हाई मन्हावर व्हती?"

मी हो म्हटलं.

"मंग तठे मी टाया कसाले वाजाड्या?"