शहाण्यांच्या बैठकीत

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं डोकं फिरलं आणि चार महिने मी वेड्यांच्या इस्पितळात काढले. लोणावळ्यात मी हे कधी लपवलं नाही. लपवून उपयोगही नव्हता, सगळ्या बाजाराला माहीत होतं. पुढे, माझी साठी उलटल्यावर, एका डॉक्टरांनी खंडाळ्याच्या एका बंगल्यात मनाच्या आजारांसाठी दहा खाटांचा दवाखाना काढला आणि मला सल्लागारांच्या बैठकीला बोलावलं. आमचे हे म्हणाले, घ्या, आता ही शहाण्यांना शिकवणार.

पहिल्याच मंगळवारी एका निवृत्त रेल्वेसाहेबांनी मला चहा आणायला सांगितलं. मी आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसले. बिचारे चहा प्यायचे विसरले.

तिसऱ्या मंगळवारी बेडसे गावच्या एका सुनेचा विषय निघाला. वय विशीचं. झोप उडून बडबड लागली म्हणून नवऱ्याने आणून सोडलेली. आठ दिवस ती अन्नाला शिवत नव्हती. डॉक्टरांनी कागद वाचला: नवरा मेल्याचा ठाम भ्रम, समजावायला गेलं की अंगावर येते, दुपारच्या गाडीने पुण्याच्या मोठ्या इस्पितळात हलवावं. मोठं इस्पितळ म्हणजे काय, ते त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. तिथून ती पोर कधी परतली असती, देव जाणे. मी म्हटलं, आधी मला तिला बघू द्या.

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात मोकळे, गळा मोकळा, कपाळ मोकळं. मला असा राग आला की सांगता सोय नाही. परत येऊन मी एकेक विचारलं. काच टोचून घेईल म्हणून बांगड्या फोडल्या होत्या. मंगळसूत्र कपाटात जपून ठेवलं होतं. उवांचं औषध लावून न्हाऊ घालताना कुंकू गेलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि ते खरंही होतं.

"डॉक्टर, आमच्याकडे हे तिन्ही एकाच दिवशी उतरवतात," मी म्हटलं. "नवरा जातो त्या दिवशी. माझंही असंच केलं होतं. मी महिनाभर ह्यांच्या नावाने रडत होते आणि हे इकडे मटकीच्या उसळीवर ताव मारत होते."

डॉक्टर तसे भले. त्यांचे कान लाल झाले. नवरा कुठे आहे म्हणून चौकशी केली, तर तो रोज येऊन फाटकाशी बसत होता. पहिले पंधरा दिवस भेट बंद, असा नियमच होता. तिला बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि त्यालाही आत आणलं. तिने आधी त्याचा हात दाबून बघितला, मग तोंड सोडलं.

"तुमी धडधाकट हाय, मंग आठ दिस कुटं व्हता?"

"फाटकावर. आत सोडत न्हाईत," तो डॉक्टरांकडे बोट दाखवून म्हणाला.

ती रडत होती, भांडत होती आणि भांडता भांडता त्याच्या फडक्यातली भाकरी खात होती. मला इतका आनंद झाला की मीही रडून घेतलं.

डॉक्टरांनी पुण्याचा कागद फाडला, नियमांची वही उघडली आणि मला विचारलं, "अजून काय काय चुकतंय आमचं?"

माझी यादी मोठी होती. पण मी उठले आणि माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"माझं जुनं झालं," मी म्हटलं. "तिला विचारा."