पाच घागरींची खोली

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी आमच्या शाळेचं माप घ्यायला एक तरुण ओव्हरसियर आला. त्यानं टेप लावला, पुन्हा लावला, आणि खोली जणू मीच ताणून लांब केलीय असं माझ्याकडं पाहिलं. ही कुठल्याच नकाशात बसत नाही, कशाच्या हिशेबानं बांधली, म्हणाला. मी म्हटलं, पोरांच्या आणि पाच घागरींच्या. त्याला पुढची गावं गाठायची होती, त्यामुळे हसून निघून गेला. त्याला सांगायचं राहिलं ते असं.

त्याच्या आधी दहाएक वर्षं, ऐन दुष्काळात, मी नांदेडहून उदगीरच्या आतल्या या गावात मास्तर म्हणून आलो. वय बावीस, डोक्यात नियम आणि नाकावर राग. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. उदगीरचे एक अडत व्यापारी गावोगाव पदरमोड करून शाळेची खोली बांधून देतात असं कळलं, म्हणून मी त्यांना पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी ते आले. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. लहानथोर सगळे त्यांना अप्पा म्हणत. मी खपून काढलेला नकाशा त्यांनी न उघडताच परत दिला. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात भाव केला नव्हता. पोरं बसवा, बसतील तेवढी खोली, एवढंच म्हणाले.

खळ्यावर पोरं ओळीनं मांडी घालून बसली. भोवती रेघ मारायला गवंडी चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन उभा. अप्पांनी मोजायला सुरुवात केली ती ‘लाभ, दोन, तीन’ अशी. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पोरांनाही तोच मान मिळाला याची मला भारी गंमत वाटली. मध्येच ते दोन पोरांपाशी थांबले आणि पाणी कुठलं पिता, असं विचारलं. पोरं म्हणाली, विहिरीचं. गावातल्या सगळ्या विहिरींना तळ लागून महिने झाले होते. खोली मोठी व्हावी म्हणून पाटलांनी बहिणीची पोरं शेजारच्या गावातून आणून बसवली होती. अप्पांनी त्यांच्या हातावर गूळ ठेवला आणि उठवलं.

मोजणी संपत आली तेव्हा सातवा महिना लागलेली एक बाई पुढं आली. नवरा आणि दीर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर मुदखेडकडं गेलेले, आणि दिराची तान्ही पोरं सांभाळायला नऊ वर्षांची लेकही त्यांच्याबरोबर. बाईनं शेवटच्या ओळीत, पोरांच्या रांगेत, आपली रिकामी घागर ठेवली. मी तिला हटकलं. हजेरीत नाव नाही त्याची जागा कशी धरायची?

ती माझ्याशी बोललीच नाही. अप्पांकडं बघून म्हणाली, "झऱ्यावर घागर ठिवली की माणूस हाय म्हणून नंबर धरतेत, अप्पा. मग माझ्या लेकीचा हितं का धरंनात?"

ओढ्यातल्या झऱ्याला वाटी-वाटीनं पाणी सुटायचं. बायकांचा दिवस तिथं जायचा, म्हणून घागरीच नंबर धरून असायच्या, आणि घागरीपुढं घुसायची कुणाची छाती नव्हती. बघता बघता, पोरं अशीच कामावर गेलेल्या बायकांच्या आणखी चार घागरी आल्या. अप्पा मापात खोट खपवून घेणार नाहीत असं मला वाटत होतं. त्यांनी पाचही मोजल्या, गवंड्याला फक्की घागरींच्या बाहेरून मारायला सांगितलं, आणि माझ्याकडं वळले. "जागा मी धरली, गुरुजी. लेकरं आली का न्हाई, ते तुमी बघायचं."

पाऊस झाला, बांधकाम झालं, दिवाळीनंतर शाळा खोलीत आली. चार घागरींची पोरं परतली होती. पहिली घागर ठेवणाऱ्या बाईच्या लेकीचा पत्ता नव्हता. बाप तिकडंच एका मुकादमाच्या हाताखाली राहिला होता. मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. मग तिची आई रोज सकाळी कडेवर तान्हं घेऊन यायची आणि लेकीच्या जागेवर भरलेली घागर ठेवून जायची. पोरं ते पाणी प्यायची. ही बाई किती दिवस असं करणार याचं मला आधी कुतूहल होतं, नंतर अडचण वाटायला लागली.

एका सकाळी कुणाचा तरी पाय लागून घागर लवंडली. दोन पाट्या आणि माझं हजेरीपुस्तक भिजलं. मी भडकलो. घागर उचलून बाहेर ओसरीवर ठेवली आणि त्या जागेवर नव्या आलेल्या मुलाला बसवलं. दुसऱ्या दिवशी आई आली, आत डोकावली आणि ओसरीवरच घागर भरून गेली.

चार-पाच दिवस गेले. मधल्या सुट्टीत बाहेर आलो तर ओसरीच्या कडेला, उन्हात, घागरीजवळ एक मुलगी मांडी घालून बसलेली. केस उन्हानं तांबूस झालेले, मांडीवर कोरी पाटी. आत तासभर मी पाढे म्हणवून घेत होतो, ते ती तिथूनच पुटपुटत असावी, कारण माझी सावली पडली तेव्हा ओठ हलायचे थांबले. कधीची बसलीस, विचारलं. घंटा झाल्यापासून. मग आत का नाही आलीस?

"आय म्हणली, तुझी घागर आसंल तितं बस."

मला माझीच लाज वाटली. अप्पांनी माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. मी घागर उचलली, आत गेलो, नव्या मुलाला पलीकडं सरकवलं. ती दारात उभी राहून मी घागर कुठं ठेवतो ते बघत होती. शेवटच्या ओळीत, भिंतीजवळ, तिच्या जागेवर ठेवली, तेव्हाच तिनं उंबरा ओलांडला.