मामा, चिमणी आणि बिबडे

वामनमामा गेले त्याला आता महिना झाला. डिंडोलीहून, त्यांच्या घरून, निरोप आला तेव्हा मी आधी खिडकीशी गेलो आणि पांडेसऱ्याकडच्या मिलांच्या चिमण्यांचा धूर पाहिला. मी त्यांच्याच घरी वाढलो; ही खोड त्यांनीच लावलेली. मामा तिथल्या एका मिलच्या पॉवर हाउसमध्ये होते. कोळसा जाळून वाफ, वाफेवर वीज, हे काम दुसऱ्यांचं; मामांचं काम धुरातली राख पकडण्याचं. नायलॉनच्या साडीला धूळ चिकटते तशी वीज सोडलेल्या पत्र्यांना राख चिकटते, मग हातोडे ते पत्रे ठोकतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या कोठीत, पडते, असं ते मामींना दर आठवड्याला समजावत. मामी म्हणत, "मंग मन्ही साडी कोन झटकस?"

उन्हाळ्यात मामांचा भाव वाढे. गल्ली सगळी खानदेशी, त्यामुळे गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत. बायका सकाळी दारात येऊन विचारत, "भाऊ, आज घालूत का?" मामा चिमणीकडे डोळे बारीक करून पाहत आणि भटजीच्या थाटात मुहूर्त देत. एका वर्षी "बिनधास्त घाला" म्हणून ते पाळीला गेले, आणि तिथे एका नव्या माणसाला हेच साडीचं गणित समजावण्याच्या नादात हॉपर रिकामा करायचा विसरले. राख पत्र्यांपर्यंत चढली, पत्र्यांची वीज गेली, आणि न पकडलेली राख थेट आमच्या गच्च्यांवर उतरली... सात घरांचे बिबडे एकाच रंगाचे झाले. मामांची चूक असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही; बायकांनी त्यांच्या मिलशेजारच्या मिलला धारेवर धरलं. मामी सगळ्यांच्या पुढे. तिथल्या वॉचमनला शिकवून आल्या की चिमणी कशी सांभाळावी.

संध्याकाळी मामा आले. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण चहा तसाच ठेवून ते बाहेर गेले आणि बायकांना म्हणाले, "त्या मिलले काही बोलू नका. मन्ही चूक शे." मामींनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरचे बिबडे मात्र टाकले नाहीत. पावसाळाभर ते मामांच्याच ताटात पडले आणि मामांनी मुकाट्याने खाल्ले.

त्यानंतर मुहूर्त विचारायला कुणी आलं नाही. मामांना ते फार लागलं. उन्हाळ्यातल्या सकाळी ते उगाच दारात घुटमळायचे... मला बघवत नसे.

मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांची राख सावडायला निघालो. मामींनी मला थांबवून हातात ओलं फडकं दिलं.

"मडकानं तोंड घट्ट बांध, भाऊ. राख उडाले नको. लोकेस्ना बिबडा वाळी राह्यनात."

मी दोन गाठी मारल्या.